सुहासिनीने न चाखलेलं चिकन

सुहासिनीने जन्मात कधी चिकन खाल्लं नव्हतं. सांगलीला माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पुढे लग्न कोल्हापूरच्या नरेशशी झालं तेव्हा तिने एकच अट घातली, की त्याने हवं ते खावं, पण बाहेर, आणि तिच्या भांड्यांत नाही. अशा बाईवर २०२१च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या कासलबारला साठ-साठ तंगड्या भाजायची पाळी आली. त्या भाजताना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वैतागलेली होती, आणि तो वैताग तिने लपवलाही नाही.

ती मायक्रोबायॉलॉजीची. कासलबारजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आठ वर्षं काम करत होती. तयार मालाचे नमुने द्रवाच्या बाटल्यांत बुडवायचे आणि चौदा दिवस त्या बाटल्या गढूळ होतात का ते पाहायचं, हे तिचं काम. बाटली गढूळ झाली की अख्ख्या कारखान्याची झोप उडायची. इतकी वर्षं हे केल्यावर नजरच तशी झाली होती. कुणाच्या घरी चहाला गेली तरी ओटा कुठल्या फडक्याने पुसला आणि त्याच फडक्याने मग कप पुसला का, हे तिला बघायचं नसलं तरी दिसायचं.

ती राहत होती त्या वसाहतीत मधल्या हिरवळीभोवती चौदा घरं होती. तिचा नवरा नरेश घरूनच कॉम्प्युटरचं काम करायचा, आणि तेरा वर्षांची अनुष्का गावच्या क्लबात फुटबॉल खेळायची. हा इथला गेलिक फुटबॉल, हातानेही खेळायचा आणि पायानेही. कासलबार ज्या मेयो परगण्यात आहे त्याच्या संघाने त्यातला सर्वांत मोठा करंडक १९५१ नंतर जिंकलेला नव्हता, आणि त्यामुळे इथल्या माणसांचं वेड कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं होतं. सामना असला की लोक गाड्या काढून डब्लिनला जायचे आणि स्टेडियमजवळ कुठेतरी गाडी लावून, डिकी उघडून, थर्मासातला चहा आणि फॉईलमधली हॅम सँडविचेस खायचे. पण २०२०ची अंतिम लढत कोविडमुळे डिसेंबरात रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. मेयो हरलं, आणि जो तो आपापल्या घरात एकटा हरला. तेव्हा शेजारच्या फिन्टनने, म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या पोस्टमनने, दारात उभं राहून जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी काहीही होवो, आपण सगळे मिळून बघू, बाहेर, आणि चिकन मी भाजीन.

जुलैत बाहेर जमायला परवानगी मिळाली. गॉलवेविरुद्धच्या सामन्याच्या रविवारी सगळ्यांनी गाड्या उलट्या घेऊन हिरवळीभोवती लावल्या आणि डिक्या उघडून त्यांत खाऊ आणि पुढ्यात खुर्च्या मांडल्या. फिन्टनच्या गॅरेजच्या तोंडाशी टीव्ही आला, आणि मध्ये अर्ध्या पिंपातून बनवलेली त्याची कोळशाची शेगडी. त्याची बायको ब्रीडा हिने सुहासिनीला सांगितलं होतं, काहीतरी इंडियन आण. म्हणून तिने दही, लसूण आणि कसुरी मेथीत मुरवलेलं पनीर बांबूच्या काड्यांना लावून आणलं, आणि मीठ-तिखट-लिंबू लावायची मक्याची कणसं.

पुढचं तिला बघवलं नाही. फिन्टनने पनीर घेतलं आणि सॉसेजेसच्या शेजारी, त्यांची चरबी ओघळत होती तिथेच, ठेवून दिलं. ज्या चिमट्याने कच्ची तंगडी उचलली त्याच चिमट्याने कणीस उलटलं. म्हणजे तिनेच आणलेलं तिला खाता येईना. ते एक वेळ ठीक होतं. पण तंगड्या बाहेरून कोळसा झालेल्या आणि हाडाजवळ गुलाबी, आणि त्यातलीच एक अनुष्काच्या हातात. सुहासिनीने ती सगळ्यांसमोर काढून घेतली.

"मम, यू हॅव मी मॉर्टिफाइड," म्हणजे तू मला लाज आणलीस, असं अनुष्का म्हणाली आणि मैत्रिणींकडे निघून गेली.

फिन्टन हसला. पंचवीस वर्षं भाजतोय, म्हणाला, अजून कुणी मेलेलं नाही. सुहासिनीने त्याला सांगायचा प्रयत्न केला की मरण्याचा प्रश्न नाही, चिकन आतून पंच्याहत्तर अंशांपर्यंत जायला हवं, आणि रंगावरून ते कळत नाही. पण तेवढ्यात मेयोने गोल केला आणि तिचं कुणी ऐकलं नाही. मेयो जिंकलं. ती घरी येऊन दहीभात खाऊन झोपली. चार सॉसेजेस खाऊन आलेल्या नरेशचं मत होतं की एकूण कार्यक्रम ग्रँड झाला.

मंगळवारी-बुधवारी वसाहतीतल्या तीन घरांत पोटं बिघडली. आणि गुरुवारी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्रीडाचा मेसेज आला. फार मृदू होता. सगळ्यांना बरं वाटू दे, त्या पनीरचा मसाला काहींच्या पोटाला मानवला नसावा, कुणाचाच दोष नाही.

सुहासिनीने तो दोनदा वाचला. चौदा घरांत हात धुण्याच्या बाबतीत जिचा हात कुणी धरू शकणार नाही, तिच्याच माथी हे आलं होतं. तिने उत्तर लिहायला घेतलं. कच्च्या चिकनमधले जंतू पोटात गेल्यापासून दोन ते पाच दिवसांनी त्रास होतो, मसाल्याचा व्हायचा तर त्याच रात्री होतो, पनीर खाल्लेल्या सहांपैकी चार जण ठणठणीत आहेत आणि उरलेल्या दोघांनी चिकनही खाल्लं होतं, असं मुद्देसूद, क्रमांक घालून. नरेशने ते वाचलं आणि हात जोडले. इथेच राहायचंय आपल्याला, जाऊ दे ना, असं त्याचं म्हणणं. त्याच्या या जाऊ दे ना वर ती गेली सतरा वर्षं चिडत आली होती. तिने मेसेज पुसला, स्वयंपाकघराच्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, आपला सुईसारख्या टोकाचा, अन्नाचं तापमान मोजायचा थर्मामीटर काढला आणि तडक फिन्टनचं दार वाजवलं.

दार उघडलं ते त्यानेच. चेहरा पांढराफटक, दाढी वाढलेली, अंगात दुपारी बाराला ड्रेसिंग गाउन. ब्रीडा दुकानात गेली होती. सुहासिनीला जे समजायचं ते समजलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून," तो म्हणाला. "ब्रीडाला मी सांगितलं की ते पनीर होतं."

म्हणजे ही बातमी निघाली इथूनच. सुहासिनीला इतका राग आला की तिला आधी इंग्रजी सुचेना. मग सुचलं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तरीही तुम्ही माझं नाव घेतलंत, असं ती म्हणाली, आवाज न चढवता. फिन्टनने नाकारलं नाही. चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला की पुढच्या वेळी चिकन तुम्हीच करा, मला जमत नाही हे आता सिद्धच झालंय.

"मी चिकन खात नाही," सुहासिनी म्हणाली.

"मग उत्तमच. भाजता भाजता संपवणार तरी नाही."

आधी औषध आणि भरपूर पाणी घ्या, असं तिने त्याला दरडावून सांगितलं आणि घरी आली. दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नाही म्हटलंच नाही, म्हणजे हो म्हणून बसलोय.

डब्लिनविरुद्धचा उपांत्य सामना चौदा ऑगस्टला होता. तिच्या ओव्हनमध्ये चिकन जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिने ब्रीडाचा ओव्हन घेतला. ब्रीडाला सांगितलं एवढंच की फिन्टनला मदत करतेय. चव बघायची नाही, तर मीठ अंदाजाने कसं घालणार? तिने प्रयोगशाळेसारखं केलं. साठ तंगड्यांचं वजन केलं, वजनाच्या दीड टक्का मीठ, दही इतकं, आलं-लसूण तितकं, काश्मिरी मिरची इतके चमचे. हातात मोजे घालून, मान दुसरीकडे वळवून तिने ते सगळं चोळलं आणि रात्रभर मुरवलं. आधी ओव्हनमध्ये हाडाजवळ पंच्याहत्तर, मग बाहेर शेगडीवर नुसता धूर आणि डाग. निखारे एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूला तंगड्या, म्हणजे चरबी आगीवर पडून भडका उडत नाही. कच्च्याचा चिमटा लाल, शिजलेल्याचा हिरवा. पनीर आणि कणसांसाठी पलीकडे वेगळी छोटी शेगडी, आणि तिच्यावर नरेशचा पहारा.

पहारा नरेश करत होता म्हणजे कुणीच करत नव्हतं. मध्यंतरात कुणीतरी त्या शेगडीवर दोन बर्गर टाकून गेलं आणि नरेश टीव्हीकडे तोंड करून उभा होता. सुहासिनी दुसऱ्यांदा उपाशी राहिली.

सामना जादा वेळेत गेला. सहा वर्षं ओळीने करंडक जिंकलेल्या डब्लिनला मेयोने हरवलं, तेव्हा माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडत होती. गार झालेल्या तंगड्या लोकांनी मग दोन-दोन, तीन-तीन खाल्ल्या आणि खाताना फिन्टनची पाठ थोपटली. असं चिकन त्याने आजवर कधी केलं नव्हतं, असं चार माणसं म्हणाली. फिन्टन म्हणाला, थोडी मदत होती. सुहासिनी चार पावलांवर चिमटे धूत होती. पुढच्या आठवड्यात कुणाचंही पोट बिघडलं नाही, आणि न बिघडलेल्या पोटाबद्दल ग्रुपवर कोण मेसेज टाकणार?

तरी अकरा सप्टेंबरला, अंतिम सामन्याला, ती पुन्हा उभी राहिली. तू हे कशाला करतेस, असं नरेशने विचारलं. तिने सांगितलं की सोडलं तर तो माणूस पुन्हा कच्चं वाढेल आणि तिथे पोरं खातात. हे खरंच होतं. शिवाय तिला ते एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, सगळ्यांसमोर. तेवढं तिने नरेशला सांगितलं नाही.

त्या दिवशी तिचं सगळं जमून आलं. तंगड्यांना हवा तसा तांबूस रंग आला, कातडी कुरकुरीत, वेळ मिनिटाला बरोबर. पनीरच्या शेगडीपाशी यावेळी अनुष्का स्वतःहून उभी राहिली आणि बर्गर घेऊन आलेल्या दोन मोठ्या माणसांना तिने परत पाठवलं.

आणि मेयो हरलं. समोरच्या टायरोनच्या संघाने दोन गोल केले, मेयोची पेनल्टी खांबाला लागली. शेवटची शिट्टी झाली. गाड्यांच्या डिक्या उघड्या, माणसं खुर्च्यांत खाली बघत बसलेली, आणि पिंपाच्या शेगडीवर साठच्या साठ तंगड्या, उत्तम भाजलेल्या, तशाच. कुणाला घास जाणार नव्हता. सुहासिनी हिरवा चिमटा हातात घेऊन उभी होती. या लोकांवर रागवावं की त्यांच्यासाठी वाईट वाटून घ्यावं, हे तिला ठरवता येईना.

फिन्टन उठला. त्याने एक तंगडी उचलली आणि उभ्या-उभ्याच ती सबंध खाल्ली. मग हात पुसून मोठ्याने म्हणाला, "जुलैत ज्यांची पोटं बिघडली ना, ते माझं चिकन होतं. पनीर नव्हतं. मागच्या वेळचं आणि आजचं चिकन हिने केलंय."

कुणीही मान वर केली नाही. एक जण म्हणाला, त्या पेनल्टीचं काय पण. दुसरा म्हणाला, हो ना. सात आठवडे सुहासिनी ज्या वाक्याची वाट बघत होती, ते आलं आणि कुणी ते ऐकलं असं दिसलं नाही. तिने तंगड्या डब्यांत भरल्या, डब्यांवर तारीख आणि दोन दिवसांत संपवा असं लिहिलं आणि घरोघरी नेऊन दिल्या. लोकांनी दारातूनच थँक्स म्हणत घेतल्या.

रविवारी सकाळी ब्रीडा रिकामा डबा घेऊन आली. आत बसली. थोडं हवापाण्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की काल फिन्टन बोलला ते तिने ऐकलं, पण तिला ते नवीन नव्हतं.

"मला जुलैतच कळलं होतं. त्याने पनीर तोंडातही घातलं नव्हतं, मी बघत होते ना."

सुहासिनीने विचारलं, मग तो मेसेज का लिहिलास?

ब्रीडाने कपाकडे बघत सांगितलं. नोकरी सुटल्यापासून तो दिवसभर खिडकीशी बसायचा. चाळीस वर्षं दारोदार फिरलेला माणूस, आणि कुणाकडे जायचं कारणच उरलं नाही. ती शेगडी हे एकच होतं. त्याच्यामुळे लोक आजारी पडले असं निघालं असतं तर त्याने ती पुन्हा पेटवली नसती. तुझ्याबद्दल कुणी फार काळ वाईट बोलणार नाही, असं वाटलं होतं मला.

सुहासिनीला हे सगळं पटलं, आणि पटलं म्हणून राग कमी झाला नाही. उलट थोडा वाढला.

"मला फार लागलं होतं ते," ती म्हणाली. "अजून राग आहे माझा."

"असणारच," ब्रीडा म्हणाली. तिने आणखी काही समजूत घातली नाही आणि उठलीही नाही. सुहासिनीने किटली पुन्हा चालू केली आणि तिच्यासमोर दुसरा कप ठेवला.