पुरावाबाईंची सतरा माणसं

कॉलेजच्या लायब्ररीतल्या बाईंना सगळे पुरावाबाई म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुणी पोरगं प्रोजेक्टसाठी पुस्तक मागायला आलं, की आधी त्याची उलटतपासणी. हे कुणी लिहिलंय? त्याला कुठून कळलं? तीन ठिकाणी लेखी सापडलं तर खरं, एकाच्या तोंडचं म्हणजे नुसती वावडी. तीस वर्षं हाच पाढा.

आता सख्खी भाचीच प्रोजेक्ट घेऊन बसली होती. विषय, काडेपेटीच्या कारखान्याला लागलेली जुनी आग. मेलेली माणसं सतरा, असं एका पुस्तिकेत, पेपरात आणि कुणाच्या प्रबंधातही होतं. दोन महिने उन्हातान्हात हिंडून पोरीने अकरा नावं मिळवली. उरलेल्या सहांसाठी दवाखान्याची दप्तरं आणि कामगारांची घरं पालथी घातली. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा, आणि ही म्हणे, सहा जणांना वाऱ्यावर सोडून कशी देऊ?

ते सहा जण सापडणार कुठून, कपाळ! ती बिननावाची पुस्तिका पुरावाबाईंनीच लिहिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. कारखान्याच्या रजिस्टरचं नेमकं तेच पान वाळवीने खाल्लेलं, आणि छापखान्याचा माणूस दारात ताटकळलेला. दिलं ठोकून, सतरा. पेपरवाल्याने ते पुस्तिकेतून उचललं, प्रबंधवाल्याने पेपरातून. सांगावं तर तीस वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर पोर झिजते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शनिवारी दुपारी भाची लायब्ररीतलं जुन्या कागदांचं तेच कपाट सातव्यांदा उपसायला लागली. बाईंना ते बघवेना. त्यांनी दार लोटून घेतलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

भाचीने हातातले कागद खाली ठेवले.

"मी दमलेय म्हणून सांगतेस ना हे?"

"अगं, शपथेवर सांगते."

तिने विचारलं, लेखी काही आहे का. रजिस्टर कधीच रद्दीत गेलं होतं, छापखानाही बंद पडला होता. बाईंनी घाईघाईने कागद पुढे ओढला.

"थांब, मी आत्ता लिहून देते."

"मग ते एक ठिकाण झालं, मावशी. सतराला तीन आहेत. तूच तर शिकवलंस."

तिने मावशीचे डोळे आपल्या ओढणीने पुसले, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि बारावं नाव शोधायला निघाली.