भांड्याखालचं नाव

क्लाइव्ह गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डार्लाने बारा कप काढले, धुतले, पुसले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवले. मागच्या दाराची कडी काढली. शिडी लावून वरच्या फळीवरचं कॉफीचं मोठं भांडं उतरवलं. आदल्या दिवशी दुपारी नवरा शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रावर ओणवा पडलेला सापडला होता, आणि ही बाई शिडीवर चढून भांडी उतरवतेय! कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिला वेड लागलं. पण पाहायला कोणी यायला तर हवं.

माणसं येतील म्हणूनच तर ही तयारी होती. गेलेल्याच्या घरी माणसं येतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे? अकराच्या सुमाराला पुढच्या दाराची टपालाची फट वाजली. डार्ला धावत गेली. दार उघडेपर्यंत फाटकातून घाईघाईने बाहेर पडणारी एक पाठ तेवढी दिसली. खाली पायपुसण्यावर एक कार्ड पडलं होतं. वर लिलीची फुलं, आत छापलेल्या दोन ओळी आणि खाली सही, मॉरीन. शेजारच्या घरातली मॉरीन गॅदरकोल! चौदा वर्षं कुंपणावरून बोलणारी बाई दार न वाजवता कार्ड टाकून पळून गेली होती.

डार्ला मूळची अमेरिकेतली, नेब्रास्कातल्या एका मक्याच्या गावातली. सदतिसाव्या वर्षी इंग्लंडात, सफकमधल्या अमेरिकन हवाई तळावर कारकुनीला आली. तळावरची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायला क्लाइव्ह यायचा. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि ही मिनिटाला चाळीस. कसं जमलं देवाला ठाऊक, पण जमलं आणि सव्वीस वर्षं टिकलं. भाषा दोघांची एकच, असं लग्नाआधी वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात कळलं की एक तर ती नाही. ही फ्लॅशलाइट मागायची, तो म्हणायचा, टॉर्च का? ही गाडीत गॅस भर म्हणायची, तो पेट्रोल भरायचा. हिची कुकी ते त्याचं बिस्किट. शेवटी क्लाइव्हने एक वही केली आणि फ्रीजशेजारी खिळ्याला टांगली. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे त्याचा.

"तुमच्या लोकांनी चांगली भाषा नेली आणि वापरून वापरून चेपवून टाकली," तो म्हणायचा.

"तुम्ही नुसती कपाटात ठेवली होती," ही म्हणायची. "बोलायला तोंड कुठे उघडता तुम्ही!"

वहीत शब्द भरत गेले, पण सगळंच काही वहीत मावत नाही. रस्त्यात कोणीही भेटलं की "बरी आहेस ना?" म्हणतं. पहिल्या वर्षी डार्ला थांबून खरंच सांगायची, गुडघा दुखतो, झोप लागत नाही, आईचं पत्र नाही. समोरच्याचा चेहरा पडायचा. "अगं, ते विचारत नाहीत, नुसतं म्हणतात," क्लाइव्हने तेव्हा समजावलं होतं. "तू 'हो, तू?' म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं." हे ती शिकली. पण माणूस मेल्यावर काय करतात हे तिने कधी विचारलं नाही आणि त्या मुखदुर्बळाने कधी सांगितलं नाही.

नेब्रास्कात तिचे वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यांना नेणारी गाडी अंगणातून वळायच्या आत पहिली शेजारीण मागच्या दाराने आत आली होती. संध्याकाळपर्यंत घरात एकतीस भांडी जमली. भाजलेलं हॅम, चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या नूडल्स, गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली, जी कोणालाच आवडत नाही आणि प्रत्येक जण आणतो. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढरी पट्टी आणि पट्टीवर नाव. कारण भांडं परत करायचं असतं. पुढचा महिनाभर तिची आई रोज एक भांडं काखोटीला मारून निघायची. ज्याचं त्याच्या स्वयंपाकघरात बसायची, कॉफी प्यायची, रडायची, घरी यायची. एकतिसावं भांडं परत करेपर्यंत बाई पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली. पट्टीवरच्या नावाचा उपयोग हा!

इथे ते बारा कप नऊ दिवस टेबलावर राहिले. दहाव्या दिवशी डार्लाने त्यांच्यावर जमलेली धूळ पुसली आणि ते कपाटात ठेवले. कार्डं मात्र त्रेचाळीस आली. अंत्यविधी तीन आठवड्यांनी झाला, कारण या देशात मेलेल्यालासुद्धा नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. पबमध्ये काकडीची सँडविचेस झाली. लोक पुढे आले, "वाईट झालं" म्हणाले, मग हवेविषयी बोलले आणि गेले. नंतर दुकानात डार्ला शिरली की बोलणं बंद. एकदा मॉरीन समोरून येताना दिसली. डार्लाचा जीव सुपाएवढा झाला. मॉरीनने तिला पाहिलं, मान किंचित हलवली आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेली. डार्ला तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिली.

हीच का ती मॉरीन? चार वर्षांपूर्वी तिचा नवरा रॉय गेला, तेव्हा डार्ला तासाभरात नूडल्सचं गरम भांडं घेऊन मागच्या दाराने आत शिरली होती. तिला कवटाळलं होतं. एक नाही, दोन नाही, पाच दिवस रोज तीन-तीन तास तिच्यासमोर बसली होती, वडिलांचं, भांड्यांचं, आईचं सगळं सांगत. मॉरीनने मुकाट्याने चहा करून दिला होता. सहाव्या दिवशी घासून चकचकीत केलेलं भांडं आणि आभाराचं कार्ड दारात ठेवलेलं सापडलं. "मॉरीनला बरं वाटलं असेल, नाही?" डार्लाने विचारलं तेव्हा क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "असेल, असेल." त्याला सगळं दिसत होतं. तेव्हाच तोंड उघडलं असतं मेल्याने, तर पुढचं टळलं असतं.

"ये बाई घरी," नेब्रास्काहून बहीण ट्रुडी फोनवर म्हणायची. "त्या दगडांत काय करणार एकटी? मेलीस तर वासावरून कळेल लोकांना."

"क्लाइव्हचं घर आहे गं."

"क्लाइव्ह आहे का त्यात?"

डार्लाला घर सोडायचं नव्हतं. शेडमध्ये त्याची हत्यारं होती, खिळ्याला वही होती, चर्चमागे त्याची राख पुरलेली होती. एक माणूस, फक्त एक माणूस मागच्या दाराने आत आला असता तरी ती राहिली असती. मार्च गेला, एप्रिल गेला. मेमध्ये तिने घराबाहेर विक्रीची पाटी लावली. गावाने पाटी पाहिली आणि हवेविषयी बोलणं चालू ठेवलं. जूनमधल्या एका सोमवारी वकिलाकडे करारावर सह्या झाल्या. आता मागे फिरायला वाट नव्हती.

त्याच आठवड्यात बुधवारी ती दुकानात खोकी मागायला गेली. दुकानदारीण बाई खोकी काढता काढता हळूच म्हणाली, "जातेस ना? वाईट वाटतं. आम्हाला यायचं होतं गं तुझ्याकडे. पण मॉरीनने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कोणी जायचं नाही म्हणून."

डार्लाने खोकी तिथेच टाकली आणि तडक घर गाठलं. तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात तिने कुंपणावरून हाक मारली, "मॉरीन! बाहेर ये!"

मॉरीन परसात शेंगांच्या वेलांना काठ्या लावत होती. हातमोजे काढत पुढे आली आणि सवयीने म्हणाली, "बरी आहेस ना?"

"नाही! बरी नाहीये! चार महिने बरी नाहीये मी! तू सांगितलंस लोकांना, माझ्याकडे जाऊ नका म्हणून? काय घोडं मारलं होतं गं मी तुझं?"

मॉरीन लालबुंद झाली. शेजारच्या खिडक्यांकडे बघून म्हणाली, "हळू बोल, डार्ला."

"नाही बोलत हळू! सांग!"

मॉरीनने हातमोज्यांची माती झाडली. मग म्हणाली, "रॉय गेला तेव्हा तू पाच दिवस आलीस. मला ना, ओरडून रडायचं होतं. एकटीला, जमिनीवर पडून. आणि तू समोर बसलेली. तुझ्यासमोर कशी रडणार मी? केस विंचरावे लागायचे, चहा करावा लागायचा. तू गेलीस की थकून झोप लागायची. माझं रडायचं राहूनच गेलं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? तू माझ्यासाठीच आली होतीस. चांगल्या मनाने." मॉरीनने मान खाली घातली. "तेव्हाच ठरवलं होतं मी, तुझ्यावर अशी वेळ आली तर तुला हा त्रास होऊ द्यायचा नाही. दुकानाच्या दारात उभी राहिले. पाद्रीबाई केक घेऊन निघाल्या होत्या, त्यांना अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. म्हटलं, कोणी जाऊ नका. बिचारीला सुखाने रडू द्या."

डार्ला न बोलता उभी आहे, असं या गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

"मी बारा कप मांडले होते," ती शेवटी म्हणाली. "नऊ दिवस. मागचं दार उघडं होतं."

"उघडं होतं?"

"रोज."

मॉरीन पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. "तुझे पडदे उघडले की मगच मी न्याहारी करायची," ती म्हणाली. "एक दिवस पावणेदहा झाले तरी उघडेनात. कोट घालून तुझ्या फाटकापर्यंत आले होते. तेवढ्यात उघडलेस. मग परत गेले."

फाटकापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत. डार्लाला ती पावलं डोळ्यांपुढे दिसली आणि हुंदका आला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दोघींचाही! प्रत्येकीने दुसरीला तेच दिलं होतं, जे तिला स्वतःला हवं होतं.

"घर मग राहू दे ना," मॉरीन म्हणाली. "नको विकूस."

"सोमवारी सह्या झाल्या."

"अगं बाई," मॉरीन म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी डार्ला रिकाम्या स्वयंपाकघरात खोक्यावर बसली होती. फ्रीज गेला होता. भिंतीत खिळा राहिला होता आणि वही हातातल्या पिशवीत होती. मागचं दार उघडलं. न ठोठावता! मॉरीन गॅदरकोल बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात कोणाच्या घरात न ठोठावता शिरली नव्हती. दोन्ही हातांत टॉवेलमध्ये धरलेलं काचेचं भांडं होतं आणि चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा.

"बरी आहेस ना?" तिने विचारलं. आणि विचारून पुढे काही न बोलता उभी राहिली. उत्तराची वाट बघत.

"नाही," डार्ला म्हणाली.

"मीपण नाही," मॉरीन म्हणाली आणि समोरच्या खोक्यावर बसली.

नूडल्स करपल्या होत्या आणि खारट झाल्या होत्या. बांधलेल्या खोक्यातून दोन चमचे शोधून काढले आणि दोघी एकाच भांड्यातून खात राहिल्या. मॉरीन रॉयविषयी बोलली, मग क्लाइव्हविषयी. बोलता बोलता एकदम रडायला लागली, तोंडावर हात न घेता, चार वर्षांचं राहिलेलं. डार्ला जागची हलली नाही. या वेळी तिने हात आवरून धरले. किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच माहीत.

रडणं ओसरल्यावर मॉरीनने नाक पुसलं आणि रागावून म्हणाली, "आता घाल एकदाची ती तुझी मिठी. नाहीतर विमानात आठवून रडत बसशील."

डार्लाने मिठी घातली. मॉरीन तिच्या हातांत ताठ उभी राहिली, मग जरा कमी ताठ.

जाताना तिने रिकामं भांडं धुऊन, पुसून टेबल होतं त्या जागेवरच्या खोक्यावर ठेवलं. डार्लाने ते उलटं केलं. बुडाला पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, मॉरीन गॅदरकोल.

"तूच सांगितलं होतंस," मॉरीन दारातून म्हणाली. "पाच दिवस बडबडच तर केलीस. ऐकत होते मी." मग कोटाची बटणं लावत, बाहेर बघत म्हणाली, "घाई नाहीये काही. कधी या बाजूला आलीस, तर दे."

दुसऱ्या दिवशी विमानात ते भांडं डार्लाच्या मांडीवर होतं. हवाईसुंदरी दोनदा म्हणाली, वरच्या कप्प्यात ठेवते. डार्लाने दिलं नाही.

"लोकांचं आहे," ती म्हणाली. "परत करायचंय."