संजूचं काढून टाकलेलं नाव

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. सासू, नवरा, दीर... सगळ्यांना पोचवलं, कोणी परत आलं नाय. मी चौथी शिकलेली बाई. मी बोलतेय आणि सून सुरेखा टाईप करतेय.

२००६ ची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागं राहतो. डोंगरी गावातनं भाजी आणून विकली आणि पोराला, संजूला, कॉम्प्युटर शिकवला. तो माल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात लागला. तिथं दोन सिस्टम — एक मेलची, एक मालाची. माणसानं एकीकडं पासवर्ड बदलला की दुसरीकडं पण तोच जायला पायजे, नायतर तो बाहेरच अडकतो. ते काम संजूचा प्रोग्राम करायचा. आणि तो चालायचा संजूच्याच नावावर.

संजूला कावीळ झाली... आठ दिवसांत गेला. शेठनी सुरेखाला त्याच्या जागी घेतलं. "तीन महिना देखेंगे, भाभी. नहीं जमा तो दूसरा आदमी लाना पड़ेगा." घरात दुसरा पगार नव्हता.

ऑफिसच्या नियमानं संजूचं नाव कॉम्प्युटरमधून लगेच काढलं होतं. प्रोग्राम त्या नावावर आहे हे कोणाच्या ध्यानात नाय आलं. सुरेखाला पंधरा दिवसांनी कळलं. घाबरून घरी आली.

"आई, नावच नाय तर प्रोग्राम बंद पडायला पायजे. पण पासवर्ड जातायत! आणि काम कोणी केलं त्या यादीत रोज ह्यांचंच नाव येतंय."

"मग चांगलंय की. रडतेस कशाला?"

"उद्या बंद पडला तर मला चालू करता येत नाय, आई."

"तो करतोय तोवर शिकून घे."

इंजिनियर आला. "हो ही नहीं सकता" म्हणाला, दोनदा चहा प्यायला नि गेला. बाजूच्या टेबलावरचा मिश्राजी म्हणायचा, "संजयभाई ऊपर से ड्यूटी कर रहा है, भाभी. हाफ डे भी नहीं लेता!" सुरेखा हसायची नाय.

पुस्तकं आणून शिकली. तीन महिने भरायला चार दिवस होते, तेव्हा तिनं नवा प्रोग्राम बसवला — स्वतःच्या नावावर. मिश्राजीचा पासवर्ड बदलून बघितला. दुसरीकडं पण गेला. त्या दिवसापासून यादीत संजूचं नाव आलं नाय.

नोकरी पक्की झाली. पेढे आणले, पण डबा उघडलाच नाय तिनं. म्हणाली, "आई, मी माझं नाव घातलं नसतं तर... ते करत राहिले असते का हो?"

मी ताट वाढलं. म्हटलं, "जेवून घे."

ते कसं चालत होतं, अजून कोणाला सांगता आलं नाय. दुसऱ्या दिवशी मात्र मी रेशनिंग ऑफिसात गेले आणि कार्डावरचं संजूचं नाव कमी करायला दिलं. तीन महिने माझे पाय तिकडं वळले नव्हते.