अंगठ्याएवढी हवा

लोकांच्या दारची हिरवळ कापता कापता अण्णाची तीस वर्षं गेली. आता गुडघे कुरकुरू लागले होते. गवत कापायचं मशीन, दाताळं, कात्र्या, पोती असा सगळा संसार हातांनी वाहताना जीव मेटाकुटीला येई. म्हणून त्याने जुन्या लोखंडी खाटेची चौकट कापून स्कूटरमागे ओढायची एक गाडी तयार केली आणि तिला सायकलची चाकं लावली.

तिथेच त्याचं गाडं अडलं. मास्तरीणबाईंच्या बंगल्यात ती गाडी पहिल्यांदा आत नेली आणि फाटकापासून झाडापर्यंत हिरवळीवर दोन चरे उमटले. बाई ओरडल्या नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पुन्हा असं दिसलं, तर मी दुसरा माणूस बघेन."

ती हिरवळ अण्णाने बावीस वर्षांपूर्वी एकेक मूळ टोचून लावली होती. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं मशीन फिरणार, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

तो भंगारवाल्याकडे गेला.

"ही घ्या, भरीव रबराची. पंक्चरची कटकटच नाही."

"भरीव चाक म्हणजे सुरीच. गवत चिरत जाईल."

"मग ट्रॅक्टरची लावा. ती चिरणार नाहीत, सरळ पुरूनच टाकतील."

अण्णा हसला नाही. उकिडवा बसून ढीग उपसू लागला. तळाशी स्कूटरच्या चाकांची एक जोडी निघाली. बुटकी, रुंद, वरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. रुंद म्हणजे ओझं पसरेल आणि नक्षी नाही म्हणजे गवत उपटणार नाही. बेअरिंगही धड होतं.

"कुठून आली ही?"

"कुणास ठाऊक. काल नव्हती एवढं नक्की," भंगारवाला म्हणाला आणि स्वतःच जरा गोंधळला.

घरी टायर उघडून पाहिला, तर ट्यूबला पानाच्या आकाराचं ठिगळ होतं. असं ठिगळ एकच माणूस कापायचा. अण्णाचा थोरला भाऊ, दादा. त्याचं पंक्चरचं दुकान होतं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. ठिगळाचं तसं नवल नव्हतं, अर्ध्या गावाच्या ट्यूबा दादानेच जोडल्या होत्या. नवल होतं वासाचं. ठिगळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास ताजा येत होता.

दादाचा उजवा अंगठा रिममध्ये सापडून अर्धा तुटला होता. हवा मोजायला त्याने कधी मीटर वापरला नाही. तो थोटा अंगठा टायरवर दाबायचा आणि म्हणायचा, "पुरे." यावरून भावाभावांची कायम जुंपायची, कारण टणक चाकच हलकं पळतं हा अण्णाचा हट्ट.

त्याने पंप मारून चाकं दगडासारखी केली, गाडी खोलीत ढकलली आणि कुलूप लावलं.

सकाळी दोन्ही चाकं मऊ.

"पंक्चर असेल," बायको म्हणाली.

"दोन्हीला? आणि अगदी सारखं?"

तिने बादली भरून दिली. ट्यूब बुडवून बुडवून अण्णाचे हात गारठले. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली, काही नाही. टोप्या तर घट्ट होत्या. त्याने पुन्हा चिक्कार हवा भरली.

त्या दिवशी शेजारी भिंत घासत होते. चाकांवर पांढरी धूळ बसली होती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, अण्णाने कुलूप उघडलं तेव्हा चाकं मऊ होती आणि दोन्ही टायरांवरच्या धुळीत एकेक ठसा होता. रुंद, आखूड, वरचा भाग नसलेला.

बायको मागून वाकून पाहत होती. अण्णाने पंप उचलला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "भाऊजी काय म्हणायचे?"

"पुरे."

"मग झालं तर."

बंगल्याच्या फाटकाबाहेर स्कूटर सोडून गाडी हाताने आत ओढताना त्याच्या मानेवर काटा आला. गाडी हलकी लागत होती, कुणी मागून हात लावल्यासारखी. झाडापर्यंत त्याने वळून पाहिलं नाही. मग पाहिलं. ओल्या गवतात त्याच्या चपलांचे ठसे होते. चाकांचं काही नव्हतं.

बाई खाली उतरल्या, वाकल्या, फाटकापर्यंत चालत जाऊन आल्या.

"गाडी बाहेरून उचलून आणलीत की काय?"

"नाही बाई. ओढतच आणली."

त्यांनी पुन्हा एकदा गवताकडे पाहिलं. "पुढच्या मंगळवारी या," म्हणाल्या आणि जरा घाईनेच आत गेल्या.

अण्णा अजूनही संध्याकाळी चार पंप जास्तच मारतो. सवय जाता जात नाही. फक्त व्हॉल्व्हच्या टोप्या तो लावत नाही. काढून चाकाशेजारी ठेवतो. अर्ध्या अंगठ्याने त्या फिरवायला त्रास पडत असेल.

सकाळी त्या घट्ट लावलेल्या असतात.