चांगुणानं राई सोडली त्यानंतर

बहात्तरच्या दुष्काळात म्हस्कूची मेंढरं गेली. काही चाऱ्यावाचून मेली, उरलेली त्यानं मिळेल त्याला देऊन टाकली. मग जन्मभर रानोरान फिरलेला तो धनगर गडी केंदूरच्या शिवाराच्या टोकाला, वडिलांच्या वाट्याच्या जमिनीवर, बायकोला, चांगुणाला घेऊन राहायला आला. जमीन म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांना माजलेलं बाभळी, हिवर आणि लिंबांचं दाट रान. लोक त्याला राई म्हणत. जळण, डिंक, शेंगा आणि मधल्या पट्टीतली बाजरी यावर दोघांचं भागे. एकुलती लेक लग्न होऊन लांब गेली होती. राईतून गावातलं एक छप्परही दिसत नसे.

म्हस्कू मुळातच अबोल. मेंढरांमागं शब्द लागत नाहीत, शीळ लागते. सकाळी कुऱ्हाड घेऊन तो राईत शिरे तो दिवस कलल्यावरच परते. चांगुणा भाकरी वाढी, तो खाई आणि घोंगडं अंथरून आडवा होई. यात काही उणं आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

सापांची त्याला सवय होती. ओढ्याच्या दगडी बांधात एक जुनी धामण राहायची. ती उन्हाला पडलेली दिसली की तो वाकडी वाट करून जाई. नाग दिसला तर थांबे, तो गेला की चालू लागे.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी चांगुणानं चुलीसाठी गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि आतून भात्यातून हवा सुटावी तसा फूत्कार आला. घोणस वेटोळं करून बसली होती. चांगुणा किंचाळली, मागच्या मागं पडली. कोपर सोलवटलं. घोणस मात्र सावकाश अंग उलगडत झुडपात निघून गेली.

सांजेला म्हस्कू आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती. चांगुणा दारात बसली होती.

"गोवऱ्यांत घोणस निघाली," ती म्हणाली.

"चावली?"

"न्हाई."

"मग झालं तर," असं म्हणून तो पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं. तिचा भाऊ हौशीराम दौंडला रेल्वेत गँगमन होता. त्याच्याकडं जाते, एवढंच ती बोलली. म्हस्कू तिला एसटीपर्यंत सोडायला गेला.

चार दिवसांत येईल, असा त्याचा हिशेब. महिना गेला, दुसरा लागला, तेव्हा त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की हिला सापांचं भ्या बसलंय, साप गेले की ही येईल. मग तो राईवर तुटून पडला. घराभोवतालची झुडपं त्यानं मुळासकट काढली, गोवऱ्या उघड्यावर पांगवल्या, बिळं दगडमातीनं बुजवली. दिसेल ती घोणस, दिसेल ते फुरसं त्यानं काठीनं ठेचलं. नागावर त्याचा हात उठला नाही. काठी आपटत आपटत त्याला ओढ्यापार घालवला. शेवटी दगडी बांध उकलला. धामण बाहेर पडली, सारा माळ ओलांडून लांब निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत म्हस्कू हातात दगड धरून उभाच होता. का कोण जाणे, त्याला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

मग धुतलेलं धोतर नेसून, दोन एसट्या बदलून तो दौंडला गेला.

रेल्वेच्या चाळीसमोर नळ होता. तिथं बायकांचा गलका चालला होता आणि त्यात चांगुणा हसत होती. इतकं मोकळं हसताना म्हस्कूनं तिला कधी पाहिलं नव्हतं. तो कोपऱ्यावरच थबकला. हौशीरामाचं लक्ष गेलं.

"अवं दाजी, तिकडं का हुबं? या की!"

चहा झाला. हौशीराम ड्यूटीवर गेल्यावर म्हस्कू म्हणाला, "चांगुणा, राईत आता एक साप न्हाई. समदी बिळं बुजिवली. चल."

चांगुणा पदराचं टोक चाळवू लागली.

"सापाचं काय न्हवतं वो," ती म्हणाली. "साप लहानपनापास्नं बघत आलेय. त्या दिशी मी वरडले, जीव खाऊन वरडले. कुनी आलं न्हाई. मग माझ्या ध्यानात आलं, मी हितं मेले तरी सांजपातुर कुनाला कळायचं न्हाई. आन् तुमी आलात तर म्हनलात, मग झालं तर."

म्हस्कूनं तिच्या हाताकडं पाहिलं. त्यानं विचारलं, "कोपर बरं झालं का?"

"कवाच," ती म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते.

हौशीरामानं त्याला ठेवून घेतलं, मालधक्क्यावर हमालीचं कामही बघून दिलं. पण इंजिनांच्या शिट्ट्या, शेजारच्या भिंतीपलीकडची बोलणी, सारखी माणसं. म्हस्कू आठवडाभर टिकला. चांगुणानंच त्याला भाकरी बांधून दिली. "जावा तुमी. तुमचं मन हितं लागायचं न्हाई, आन् माझं तिथं."

तेव्हापासून दर महिन्याला एका बाजाराच्या दिवशी तो दौंडला जायचा. पहिल्यांदा नुसता बसून यायचा. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं सांगितलं, की राईत पुन्हा साप फिरायला लागलेत, काल आडाच्या कपारीत धामणीची कात सापडली. चांगुणानं निवडायचं सूप खाली ठेवलं. "आन् मग?" ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला काही विचारल्याचं त्याला आठवेना, का त्यानंच कधी ऐकलं नव्हतं. तो बोलत राहिला. शेवटची एसटी गाठायला त्याला पळावं लागलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता ओढ्याच्या डोहात एका दिवड सापानं बेडूक धरलेला त्याला दिसला. धडपड चालली होती. एकदम बेडूक सुटला, काठावर म्हस्कूच्या पायाशी येऊन पडला आणि धापा टाकत बसून राहिला. म्हस्कूला हसू आलं. बोलायला तोंड उघडून त्यानं मान वळवली. मागं नुसत्या बाभळी होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. बाजाराला अजून बरेच दिवस होते. तो काठावर बसला आणि ही गोष्ट कशी सांगायची, ते मनाशी जुळवू लागला.