तिसऱ्या रकान्यातली वाक्यं

पडदा वर जातो.

भिसेगावची भातगिरण. रविवारची दुपार, म्हणून पट्टा थांबलेला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली उतरलेत आणि त्यांत तुसाची धूळ तरंगते आहे. इतकी सुरेख प्रकाशयोजना मला पुढं मुंबईच्या थिएटरातही मिळाली नाही. मधोमध आमच्या नाट्यमंडळाची तालीम चाललीय. मी राजा, भिवाजी प्रधान. आणि उजव्या अंगाला, कोंड्याच्या पोत्यावर, पांढरा सदरा घातलेला एक सडपातळ माणूस मांडीवर वही घेऊन बसलाय. आमच्या नाटकात त्याला काम नाही. तरी आजचा नायक तोच. टाळ्या त्याच्यासाठी राखून ठेवा.

साल एकोणीसशे सहासष्ट. हे श्रीपत नागू सोनावळे, मूळचे लोधिवलीचे, कडावच्या बाजूच्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तिथल्या लोकांची थोडी चेष्टा येणार आहे आणि ते सगळे माझ्या ओळखीचे होते.

नाटकवाल्यांत इंग्रजीचा मास्तर कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "नामा, मी संशोधन करतोय."

"कशाचं?"

"या भिवाजीचं."

सगळे हसले. भिवाजी जास्त हसला. तो हमाल होता आणि त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण तीन तासांच्या नाटकातली आपली सगळी भाषणं तो एकही शब्द न गाळता म्हणायचा.

मास्तरांचा प्रश्न जुना होता. त्यांचे वडील नागू चौकच्या नाक्यावर घाट चढण्याआधी थांबणाऱ्या मोटारींत पाणी ओतायचे. सात वर्षांचा श्रीपत डबा घेऊन बरोबर. गाडीतले साहेब इंग्रजीत ओरडत आणि हा धावे. चार-पाच वाक्यं तिथं कानावर पडली, ती कायमची. पुढं शिकून, छप्पन साली धम्म स्वीकारला त्याच वर्षी मास्तरकीला लागले. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: रस्त्यावर फुकट मिळालेली पाच वाक्यं जन्मभर टिकली आणि शाळेत घोकलेली पाचशे कुठं गेली? घरात, शेतात, बाजारात जी भाषा कुणीच बोलत नाही, ती पोरांच्या तोंडी यायची तरी कशी?

त्या वर्षी प्रश्न नुसता डोक्यात ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा इंग्रजी न घेताही एस.एस.सी.ला बसता यायचं. हेडमास्तरांनी, आणि माणूस वाईट नव्हता, मास्तरांना बोलावून सांगितलं होतं, "सोनावळे, इंग्रजीत निम्मी पोरं गळतात. शाळेचा निकाल खाली येतो. कमिटीचं म्हणणं पडलंय, जूनपासून इंग्रजी बंद करू. भातशेतीच्या गावात हवीय कुणाला?"

"माझ्या बापाला हवी होती," मास्तर म्हणाले. "साहेब काय शिव्या देतोय ते कळायला."

हेडमास्तर हसले आणि एक वर्ष दिलं. आठवीच्या दोन तुकड्या. अ तुकडी नेहमीच्या पद्धतीनं शिकेल, भाषांतर आणि घोकंपट्टी. ब तुकडी सोनावळ्यांच्या पद्धतीनं. फेब्रुवारीत मुंबईहून इंग्रजीच्या तपासनीस बाई येतील, त्या बघतील आणि सांगतील. ब तुकडीत दम दिसला तर इंग्रजी राहील, नाहीतर येत्या जूनला इंग्रजीला सुट्टी. म्हणून मास्तर वाट वाकडी करून आमच्या गिरणीत येऊन बसत होते.

पहिल्या रविवारी चहा आला तेव्हा ते हळूच उठून बाहेर गेले. का गेले ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. दुसऱ्या रविवारी भिवाजीनं आपली कपबशी त्यांच्या हातात दिली. "मास्तर, बसा हितंच. चा पिल्याशिवाय माझं भाषण ऐकायचं नाय." तिसऱ्या रविवारपासून चहा आला की मास्तरच ओतायला बसत.

भिवाजीचं गुपित सोपं होतं. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. समोरच्या नटाच्या भाषणाचं शेवटचं टोक म्हणजे शेपूट. ते कानावर पडलं की आपलं वाक्य आपोआप तोंडातून यायचं. तालमीचा कडक नियम होता: शेपूट येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि अडलंच, तर विंगेकडं बघायचं. तिथं प्रॉम्प्टर वही घेऊन उभा असतो.

मास्तरांनी ते जसंच्या तसं उचललं. ब तुकडीत बाक भिंतीला लागले. पुस्तक मिटलं. दुकानदार आणि गिऱ्हाईक, तिकीट मास्तर आणि प्रवासी, दूधवाली आणि घरमालकीण, असे छोटे संवाद मास्तरांनी लिहिले आणि तालीम सुरू झाली. प्रॉम्प्टर म्हणून स्वतः दारात उभे. पोरं दिवाळीपर्यंत अशी फाडफाड बोलू लागली की अ तुकडी खिडकीला लोंबकळायची. कडावच्या मालनबाईची पोर ठकी दूधवाली व्हायची. घरी खरंच दूधच घालायची, त्यामुळं तिचा हात कमरेवर असा काही जायचा की मी तिला आमच्या मंडळात मागून घेणार होतो.

फेब्रुवारी उजाडला. बाई आल्या, कमिटी फेटे बांधून आली, मला मास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं. खेळ रंगला! एकही पोर अडखळलं नाही. ठकीनं "गुड मिल्क, मॅडम, नो वॉटर!" म्हटलं तेव्हा कमिटीनं अर्थ न कळताही टाळ्या वाजवल्या.

मग बाई उठल्या. साध्या, हसऱ्या. ठकीजवळ जाऊन त्यांनी इंग्रजीतच विचारलं, तुझ्या घरी म्हशी किती?

एवढंच. यातला एकेक शब्द ठकीला येत होता. पण हे शेपूट तिचं नव्हतं. बाईंनी पुन्हा विचारलं. ठकीनं दाराकडं, प्रॉम्प्टरच्या जागेकडं पाहिलं. बाईंनी शेजारच्या मुलाला विचारलं, त्यानं दाराकडं पाहिलं. आणि मग सगळ्या अठ्ठावीस माना एका वेळी दाराकडं वळल्या, नियमाप्रमाणं, शिस्तीत, आणि दारात मास्तर रिकाम्या हातानं उभे.

चूक आमच्या गिरणीतल्या नियमाची होती.

पण गंमत बघा, बाकी कुणाला काही बिघडलंय असं वाटलंच नाही. पोरं पाहुण्यांसमोर बुजली, एवढंच. कमिटी खूश. बाई म्हणाल्या, "सोनावळे, फार सुंदर. मी अनुकूल शेरा लिहिते."

झालं होतं काम! नुसतं 'आभारी आहे' म्हणायचं आणि खाली बसायचं. त्याऐवजी हा माणूस पुढं आला.

"बाई, लिहू नका. प्रयोग फसलाय."

हेडमास्तरांच्या हातातला हार तसाच राहिला. "अहो सोनावळे!"

"त्यांनी म्हटलेली सगळी वाक्यं माझी होती, साहेब. एकही त्यांचं नव्हतं. म्हशी किती, हे ठकीला सांगता येत नसेल तर ती इंग्रजी शिकली असं मी कसं म्हणू?"

फेटेवाल्यांतले काळूरामशेठ पुटपुटले, "म्हंजे जूनला बंद करायचं ना? सोताच सांगतोय की."

मास्तरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्यांना कळत होतं काय सांडलं ते. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, मग परत काढलं. "एप्रिलमध्ये मला खोपोलीला यायचंच आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा पुन्हा बघते. तोवर शेरा राखून."

दोन महिने.

त्याच संध्याकाळी मास्तर भिसेगावला माझ्या ओट्यावर. वही उघडून दाखवली. पानावर तीन रकाने: पाठ केलेलं, ऐकून म्हटलेलं, स्वतःचं. पहिले दोन खुणांनी काळे झालेले. तिसरा कोरा करकरीत. "हा रकाना मी जूनमध्येच आखला होता, नामा. आणि आठ महिने तिकडं बघितलंच नाय. टाळ्या ऐकत बसलो."

ते म्हणाले, "मला एक सांग. भिवाजी ऐन खेळात विसरला, आणि प्रॉम्प्टरपण जाग्यावर नसला, तर काय करता?"

"मग काय, बतावणी!"

"म्हणजे?"

तरुणपणी दोन हंगाम मी तमाशात काढले होते. तिथं बतावणीला लिहिलेलं पुस्तक नसतं. गोष्ट तेवढी ठरलेली. गवळण बाजाराला निघाली, वाटेत पेंद्यानं अडवली, इथवर पक्कं. पुढं तो काय विचारेल आणि ती काय ठोकून देईल ते त्या दोघांनाही माहीत नसतं. नियम एकच: समोरून काहीही येवो, खाली पडू द्यायचं नाही.

मास्तरांनी वही मिटली. मग म्हणाले, "उद्या शाळेत ये."

"मास्तर, मला इंग्रजी येत नाय!"

"म्हणून तर ये."

गेलो. डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि ब तुकडीत गिऱ्हाईक बनून शिरलो. माझ्याजवळ इंग्रजीचे शब्द असतील पन्नास, तेही सिनेमाच्या पोस्टरवरचे. ठकीला म्हटलं, "गुड इव्हिनिंग! मी बफेलो. हाऊ मच?"

वर्गात असा हशा फुटला की शेजारच्या वर्गाचे मास्तर डोकावून गेले. ठकी हसून हसून बाकावर बसली. मग उठली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "यू नॉट बफेलो! यू मॅन!"

मी पण हट्टाला पेटलो. "नो! मी बफेलो!"

"देन गिव्ह मिल्क!"

हे वाक्य मास्तरांनी शिकवलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. मी दाराकडं पाहिलं. मास्तर पाठ फिरवून वहीत खूण करत होते, आणि बराच वेळ त्यांनी तोंड इकडं केलं नाही.

काय घडलं ते त्यांना लगेच उमगलं होतं. मास्तरासमोर पोरांची जीभ टाळ्याला चिकटायची, चुकू म्हणून. माझ्यासमोर चुकायची भीतीच नव्हती. मीच सगळ्यांत जास्त चुकायचो. आठवड्यातून दोनदा मी जायचो, भिवाजीही यायचा. भिवाजी मराठीत भांडायचा आणि पोरं त्याला इंग्रजीत समजावत. मोडकंतोडकं, पण आपलं. मास्तर मधे कधीच बोलले नाहीत. "मी बोललो की ती दाराकडं बघतील," म्हणत दारही बंद करून घ्यायचे. दारच ठेवलं नाही बघायला!

एप्रिलात बाई आल्या. या वेळी फेटे कमी होते, काळूरामशेठ मात्र पहिल्या रांगेत. संवाद नाही, नाटक नाही. बाई सरळ ठकीकडं गेल्या आणि तोच प्रश्न: घरी म्हशी किती?

ठकीनं श्वास घेतला. दाराकडं नाही बघितलं.

"थ्री बफेलो. वन, नो मिल्क. फादर से, सेल. मदर से, नो!"

"व्हाय नो?" बाईंनी विचारलं.

ठकी थांबली. शब्द शोधताना तिच्या ओठांची हालचाल मला बाजूनं दिसत होती. मग म्हणाली, "मदर लव्ह." आणि लगेच, बतावणीचा नियम पाळून, चेंडू परत केला: "यू हॅव बफेलो?"

बाई मनापासून हसल्या. "नो बफेलो."

"सॅड," ठकी म्हणाली.

काळूरामशेठ शेजाऱ्याच्या कानाला लागले. "काय म्हणली रं पोर?" शेजारी म्हणाला, "बाईंकडं म्हस नाय म्हणून तिला वाईट वाटलं." शेठ गुडघ्यावर हात मारून म्हणाले, "मग हाय की दम! ऱ्हाऊ द्या इंग्रजी."

राहिली. तीन वर्षांनी ब तुकडीतली सव्वीस पोरं इंग्रजी घेऊन एस.एस.सी.ला बसली. एकोणीस सुटली. गाजावाजा करण्यासारखा आकडा नाही, पण मास्तरांना पुरला. बाईंच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून मुंबईला शिक्षकांच्या सभेत वाचलं. मी बरोबर होतो. पहिली चार पानं त्यांनी फेब्रुवारीत काय फसलं तेच सांगितलं, आणि अठ्ठावीस माना दाराकडं वळल्या तिथं सभेतला एकेक मास्तर आपल्याच वर्गाची आठवण आल्यासारखा मान हलवत होता. शेवटी आभारात दोन नावं होती. भिवाजीचं आधी, माझं नंतर. भिवाजीनं ते पान गिरणीत खिळ्याला टांगलं, उलटं, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आम्ही कुणी सरळ केलं नाही.

शेवटचा प्रवेश अठ्ठ्याऐंशी सालचा, लोधिवलीचं अंगण. मास्तर निवृत्त झाले होते. हृदयानं दगा दिला होता, डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं, आणि ते तक्रार न करता खाटेवर पडून होते. ठकी, आता ठकूबाई, स्वतः इंग्रजीची मास्तरीण, आपल्या शाळेतल्या पाच-सहा मुलींना घेऊन भेटायला आली होती. मीही होतो. एका मुलीनं पाठ केलेलं शुभेच्छांचं इंग्रजी भाषण म्हटलं. झकास म्हटलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

भाषण संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तिला हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझ्या पन्नास शब्दांत ते बसेना. पोरगी गडबडली. तिनं ठकूबाईकडं पाहिलं. ठकूबाईनं मुद्दाम पाठ फिरवली. मग पोरगी विचारात पडली, खुदकन हसली आणि काहीतरी बोलली. मास्तर असे हसले की खाट करकरली. उशाखालची वही मागून घेतली आणि तिसऱ्या रकान्यात एक खूण केली.

मला राहवेना. खाटेजवळ वाकलो. "मास्तर, काय बोलली हो ती?"

पुढं आठवड्यानं परत गेलो तेव्हा ते बोलण्यापलीकडं गेले होते. त्यामुळं माझ्या कानी पडलेलं त्यांचं शेवटचं बोलणं त्या दिवशीचंच. वही छातीवर ठेवून, डोळे मिचकावून म्हणाले,

"मला कशाला विचारतोस रं, नामा? वाक्य तिचं हाय. तिलाच विचार."