आयुधपूजेला झोपवलेला सर्व्हर

कोणी येवो न येवो, दार उघडं धरून आयुष्यभर बसायची तयारी असलेला माणूस जगात एकच उरला आहे, आणि तो नात्याने माझा चुलतसासरा लागतो. आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं आणि तिरुवल्लिकेणीच्या आपल्या दोन खोल्यांतूनच वेबसाइट सुरू केली. सर्व्हरची जागा देवांच्या शेजारी, कारण इन्व्हर्टरचा प्लग तिथेच. त्यामुळे आंघोळ केल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही! घरचा वायफाय सुरू करायला ज्याला बायको लागते अशा मला ते दुपारभर हे शास्त्र समजावत. "माप्पिळ्ळे," जावयाला ते तमिळ रिवाजाने असंच हाक मारतात, "सर्व्हर म्हंजे काय? दारात बसणं." समुद्रावरचा वारा यायचा, पंखा घुमायचा, माझे डोळे मिटायचे. काका ती एकाग्रता समजून आणखी एक कॉफी द्यायचे.

वेबसाइटवर होत्या तंजावरच्या लहानपणच्या गोष्टी, काकांच्या जुन्या मराठीत, काकांच्याच आवाजात. आवाजात अशासाठी, की परदेशातल्या नातीला देवनागरी वाचता येत नाही. सगळा खटाटोप त्या एका पोरीसाठी. रोज सकाळी, लोक पेपरातले मृत्युलेख वाचतात त्या गंभीरपणे, काका सर्व्हरवर कोण कोण येऊन गेलं त्याची यादी वाचत. बहुतेक सगळे कुलपं चाचपणारे प्रोग्राम. "हा चोर. हाही चोर. पोर न्हाई आली."

आयुधपूजेला इकडे हत्यारांना विश्रांती असते. काकांनी सर्व्हर बंद केला, चंदन-कुंकू लावलं, हार घातला. आम्ही प्रसादाचं हरभऱ्यांचं सुंडल खात असतानाच नातीचा फोन आला. "तात्ता, आज सुट्टी आहे म्हणून गोष्ट ऐकायला बसले, तर पान उघडतच नाही!"

काकांच्या हातातले हरभरे हातातच राहिले.

"उद्या विजयादशमीला लावा की, काका," माझी बायको म्हणाली.

"उद्या तिला शाळा."

काका उठले, देवीपुढे हात जोडून उभे राहिले. "आई, पोर दारात उभी आहे," एवढंच म्हणाले, हार बाजूला सारला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. आम्ही आरतीला उभं राहावं तसे उभे. आणि मग फोनमधून, कुठल्याशा दूरच्या खोलीतून, काकांचाच आवाज आला, कावेरीच्या पाण्याबद्दल बोलणारा. अर्धं तिला कळलं नसावं. पण एकदा ती हसली. काका डोळे मिटून ऐकत होते, जणू दुसराच कोणी म्हातारा सांगतोय. गोष्ट संपायच्या आत तिला कोणीतरी जेवायला हाक मारली.

त्यानंतर ती आली का, मी विचारत नाही. मी मात्र अड्यारच्या घरून रोज सकाळी ते पान उघडतो आणि ऑफिसच्या घाईत लगेच मिटतो. यादीत निदान एक माणूस दिसावा, म्हणून. आमच्या घरचं इंटरनेट काकांनीच जोडून दिलंय, त्याचा यादीत उमटणारा नंबर त्यांना पाठ असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

परवा कॉफी पुढे ठेवत ते म्हणाले, "अड्यारहून रोज कोणी येतो. न ऐकताच जातो. भेटला तर सांग माप्पिळ्ळे, घटकाभर बसत जा म्हणून."